उलट्या मास्तरांचा कौल

रत्नागिरीत स्पॅनिश शिकवणारा माणूस एकच होता, आणि त्याला स्पॅनिश येतं की नाही याबद्दल गावात दुमत होतं. मला विचाराल तर येत होतं, फक्त ते शब्दांपर्यंत पोचत नव्हतं. मी त्यांच्याकडे जायला लागल्यावर चार महिने नुसती चिन्हंच चालली होती. प्रश्नाची चिन्हं, उद्गाराची चिन्हं, अक्षरांवरच्या रेघा. शब्द कधी सुरू करायचे म्हणून विचारलं तर म्हणायचे, शब्दांचं काय, ते बाजारात मिळतात, चिन्हं घरून शिकून जावी लागतात. माझं डोकंच फिरायचं.

हे चिन्हांचं प्रकरण आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आपण प्रश्न लिहितो, शेवटी एक प्रश्नचिन्ह देतो आणि मोकळे होतो. स्पॅनिश माणूस तसं करत नाही. तो प्रश्नाच्या सुरुवातीलाही एक चिन्ह ठेवतो, आणि ते उलटं, डोकं खाली नि पाय वर: ¿. मग प्रश्न. मग शेवटी आपलं नेहमीचं सरळ. ओरडायचं असलं तरी तीच रीत, आधी उलटं ¡, मग ओरडणं, मग सरळ. बाकीचं जग हे वहीत उतरवतं आणि जेवायला जातं. आमच्या सरांनी ते अंगाला लावून घेतलं होतं. प्रश्न असा माणसाच्या अंगावर टाकू नये, आधी वर्दी द्यावी, हे त्यांचं ब्रीद. त्यावरून गाव त्यांना उलटे मास्तर म्हणायचं. आम्ही सर म्हणायचो, निदान तोंडावर तरी.

वर्दी द्यायला छत्री होती. काळी, लांब दांड्याची, वाकड्या लाकडी मुठीची, बारा महिने हातात. ऐन मे महिन्यात उघडीत नसत, पण घरी ठेवूनही येत नसत. प्रश्न विचारायचा असला की सर छत्री उलटी धरायचे, टोक आभाळाकडे नि मूठ जमिनीकडे, आणि त्या मुठीचं खरोखरच उलटं प्रश्नचिन्ह दिसायचं. मग प्रश्न विचारायचे. मग छत्री सरळ करून टोक फरशीवर टक्कन आपटायचे. टक्क झालं की प्रश्न पुरा, आता बोला. त्याआधी कुणी उत्तर दिलं तर ते ऐकायचे नाहीत. आंधळ्यासमोर आरसा धरावा तसे कोरे उभे राहायचे.

मासळीबाजारात यापायी त्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं. बांगड्यांच्या वाट्यासमोर उभं राहून छत्री उलटी करायची, 'कसा दिलास?' विचारायचं, छत्री सरळ करायची. तोवर मागच्या बाईनं बांगडे पिशवीत टाकलेले असायचे. मासेवाली हुशार, छत्री फिरायला लागली की भाव सांगून टाकायची. पण टक्क व्हायच्या आधी आलेला भाव सरांना चालत नसे, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी तिनं कंटाळून काय केलान, मास्तर लांबून दिसले की एक वाटा मुकाट्यानं बाजूला काढून ठेवायचा, विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. सर दोन दिवस फुगून बसले. विचारल्याशिवाय दिलेला मासा घशाखाली उतरत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी उतरला.

त्यांना ही विद्या मिळाली कुठून, तर बोटीवर. तरुणपणी मालवाहू बोटीवर खलाशी होते, आणि त्याच बोटीवर कॅनरी बेटांवरचा एक आचारी होता. दोघं एका खोलीत झोपायचे. आचारी पोळपाटासारख्या फळीवर पीठ पसरून त्यात बोटानं चिन्हं काढून दाखवायचा. पद्धतशीर माणूस, म्हणाला आधी चिन्हं पुरी करू, मग शब्दांना हात घालू. चिन्हं पुरी झाली, आणि आचारी एका बंदरावर तंबाखू आणायला म्हणून उतरला तो परत आलाच नाही. बोट निघाली. सरांकडे राहिली ती सगळी चिन्हं आणि स्वयंपाकघरातले मूठभर शब्द. मिठाला, पातेल्याला, बटाट्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते त्यांना झोपेतही सांगता यायचं. स्पेन त्यांनी पाहिला होता का, तर हो, कठड्याला टेकून, लांबून, धुक्यात.

आणि अशा माणसाकडे मी का गेले? दुसरा नव्हता म्हणून गेले. मी मासळी गोठवण्याच्या एका कारखान्यात दर्जा तपासायला होते. आमची सगळी म्हाकुलं, म्हणजे ते स्क्विड, स्पेनला जायची. इथं आपण म्हाकूल कालवणात घातलं तर घातलं, तिकडे त्याच्यावाचून त्यांचा सण होत नाही. तिथल्या खरेदीदाराला इथली एक जाणती व्यक्ती दोन वर्षांसाठी तिकडे हवी होती, माल उतरला की तपासायला. अट एकच, सुरुवातीचं तरी स्पॅनिश यायला हवं. कारखान्यातून माझं नाव गेलं. मला जायचं होतं. उगाच लाजून बोलण्यात अर्थ नाही, जीव तोडून जायचं होतं. मी पाठवलेली म्हाकुलं माझ्या आधी समुद्रापार जात होती आणि मी आपली गोठणघरात बूट घालून उभी.

सरांचा वर्ग मांडवीच्या बाजूला, आंब्याच्या पेट्यांच्या गोदामाच्या माडीवर. खालून पेंढ्याचा वास यायचा. सुरुवातीला बरीच पोरं होती, बोटीवर जाऊ म्हणणारी, पण महिनाभरात सगळी गळाली आणि उरलो दोघी, मी आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू. काकू स्पॅनिशसाठी येत नव्हत्या, घरात सून होती म्हणून येत होत्या, आणि तसं उघड सांगायच्या.

अक्षरांवरच्या रेघा सर करवंट्यांनी शिकवायचे. स्पॅनिश शब्दात कधीकधी एका अक्षरावर तिरकी रेघ असते, तिथं आवाजाचा जोर द्यायचा. तर आम्ही एकेकीनं एकेक अक्षर व्हायचं आणि जिच्यावर रेघ तिनं डोक्यावर करवंटी घालून मोठ्यानं बोलायचं. एका शब्दाला करवंटी एकच, हा कायदा. शब्द जास्त अक्षरांचा असला तर खालून गोदामातला हमाल बोलवायचा. काकूंना करवंटी सोडवत नसे. त्यांचं अक्षर बिनरेघेचं असलं तरी त्या घालूनच उभ्या. मग सर त्यांना समजवायचे की शेवटच्या अक्षरावर करवंटी असली तर 'पापा' म्हणजे बाप, आणि पहिल्यावर जोर गेला तर तोच पापा बटाटा. काकू म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या बाबतीत दोन्ही चालेल. पुढे स्पेनला गेल्यावर कळलं की बंदरावरची माणसं बटाट्याला भलतंच काहीतरी म्हणतात. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, आचारी खोटं बोलणार नाही, तूच बंदर चुकली असशील.

त्या माडीवर एकदा फुरसं निघालं. फुरसं म्हणजे रत्नागिरीच्या कातळावर ज्याची सगळ्यांनाच धास्ती, तो वीतभर विषारी साप. काकूंच्या खुर्चीखालीच होतं. आधी दिसलं ते सरांना. आता ओरडायचं तर आधी वर्दी द्यायला हवी. त्यांनी छत्री उचलली, तिचं टोक वर केलं, क्षणभर थांबले, 'फुरसं' असं खणखणीत म्हणाले आणि टक्कन छत्री आपटली. तोवर मी टेबलावर होते, काकू माझ्याही वर होत्या आणि फुरसं टक्क ऐकून पेंढ्यात निघून गेलं होतं. काकू दुसऱ्या दिवशी भांडायलाच आल्या. वर्दी देत बसलात, मला चावलं असतं म्हणजे? सर शांत. बिनवर्दीचं ओरडलो असतो तर तुमचं काळीज बंद पडलं असतं, म्हणाले, सापाचं औषध सरकारी दवाखान्यात मिळतं, दचकण्याचं नाही. काकू पुढे कितीतरी दिवस खुर्चीवर मांडी घालून बसत.

असा हा माणूस, पण देवाला भ्यायचा. भ्यायचा म्हणजे किती, तर देवळावरून एसटीतून जाताना चपला काढायचा. देवाच्या दारात खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता आणि रत्नागिरीत दर वळणावर कुठला ना कुठला देव असल्यामुळे त्यांना खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी एकदा कारखान्यात पोट दुखतंय सांगून वर्गाला आले ते त्यांना कळलं. फार वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, बोलायचंच झालं खोटं तर स्पॅनिशमधून बोल, इथल्या देवांना ते कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यानं घोटाळा केला.

होता होता शब्दही आले. खरेदीदारानं फोनच्या पडद्यावर मुलाखत घेतली. तिथला माणूस प्रश्न विचारायचा आणि मी टक्क ऐकू यायची वाट बघत गप्प बसायची. त्याला वाटलं लाईन अडकली. शेवटी काकूंनी मागून टेबलावर पेन आपटायला सुरुवात केली तेव्हा माझी गाडी रुळावर आली. नंतर त्यांनी कळवलं की तुमच्याकडे शब्द कमी आहेत, पण लेखी कागदातली चिन्हं आमच्या माणसांपेक्षा बरी, तेव्हा या. सोमवारपर्यंत होकार द्यायचा होता, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला बोलावणार होते.

आता आमचे बाबा. आमचं गाव रत्नागिरीपासून तासाभरावर, आत. बाबांनी उभ्या आयुष्यात देवीला विचारल्याशिवाय काही केलं नाही. विहीर खणायची, कौल. म्हैस घ्यायची, कौल. माझं नावसुद्धा कौलानं ठेवलेलं. कौल म्हणजे गुरव पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यावर अपील नाही. मी बाबांना सगळं समजावून सांगितलं, पगार, राहायची सोय, दोन वर्षांनी परत. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'देवीनं दिलान तर जा. नाय दिलान तर तो विषय पुन्हा घरात नको.' आणि वर आणखी एक, ज्या मास्तरानं हे तुझ्या डोक्यात घातलान तोही कौलाला उभा हवा.

रविवारी सर दुपारच्या एसटीनं आले. धुवट सदरा, हातात छत्री, पिशवीत देवीसाठी नारळ. एरवी वाटेत मैलाच्या दगडांनाही प्रश्न विचारणारा माणूस, त्या दिवशी स्टँडपासून देवळापर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं माझ्याइतकेच तेही घाबरले असतील. मी नारळ घेऊन पुढे आत गेले, ते मागून चपला आणि छत्री बाहेर ठेवून आले आणि खांबाला टेकून डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते. मनात म्हटलं, बरं आहे, माझ्यासाठी सांगतायत देवीला काहीतरी.

गुरवानं कळ्या लावल्या. गाऱ्हाणं सुरू झालं. आई, ही तुझी लेक समुद्रापार जाऊ बघते, तिचं बरं होणार असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे, आणि सगळे व्हय म्हणाले. कळ्या हलेनात. गुरवानं पुन्हा विनवलं, पुन्हा व्हय. समईची वात वाढवली, आया-बायांचे पाय अवघडले, कुणाच्या तरी मांडीवरचं मूल रडून झोपलं. मी उजव्या कळीकडे बघत होते, इतकी की ती दोनदा पडल्यासारखी वाटली. आणि पडली ती डावी.

बाबांनी हात जोडले आणि झालं म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, तेवढं मला कळलं, पण त्यानं काय होणार. मला रडूही येईना. उद्या कारखान्यात जाऊन काय सांगायचं, देवीनं नाही म्हटलं? हसतील मेले.

तेवढ्यात सरांनी हात वर केला. छत्री बाहेर होती, म्हणून मूठ उलटी वळवून बोटं जमिनीकडे केली. गावाला त्याचा अर्थ कळेना. मला कळला.

'तो कौल तुमचा नाही,' सर म्हणाले. 'तो माझा आहे.'

एकच गलका झाला. गुरव म्हणाला, अहो, कौल मी लावलाय, तुमचा कसा होईल? सरांचं म्हणणं असं, की गुरवाच्या तोंडून गाऱ्हाणं निघायच्या आधी त्यांनी आपला प्रश्न देवीपुढे ठेवला होता. आधी ज्याची वर्दी, त्याला आधी उत्तर. बाबा खवळले. म्हणाले, माझ्या पोरीच्या कौलात तुम्ही काय विचारायला गेलात?

सर माझ्याकडे बघत नव्हते. देवीकडे बघत होते.

'हिला थांबवू का, असं विचारलं,' ते म्हणाले. 'देवी नाही म्हणाली.'

आता भांडण भलत्याच वाटेला लागलं. आमच्या वाडीतला एक आडदांड पुढे आला आणि म्हणाला, मास्तर, मी तुमच्या बाजूलाच उभा होतो, तुम्ही काय पुटपुटत होतात ते माणसाच्या भाषेतलं नव्हतं. सर म्हणाले, स्पॅनिशमधून विचारलं. झालं. आपली देवी साकव ओलांडून पलीकडच्या वाडीत कधी गेली नाही, तिला स्पॅनिश कुठून यायला? अर्धा गाव म्हणाला नाही येणार. अर्धा गाव म्हणाला देवीला काय येत नाही? मी मान खाली घालून फरशीकडे बघत राहिले, कारण इथल्या देवांना स्पॅनिश कळत नाही हे मी खुद्द मास्तरांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. शेवटी गुरवानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, 'देवीला येत नाय असं ज्याचं म्हणणं आसंल, त्यानं गाभाऱ्यासमोर येऊन तसं म्हणावं.'

कोण जातंय? आडदांडसुद्धा मागे सरकला. तेव्हा देवीला स्पॅनिश येतं हे आमच्या गावानं एकमतानं मान्य केलं, आणि ते अजून मान्य आहे. गुरवानं नव्या कळ्या भिजवून लावल्या. गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं असेल नसेल, उजवी कळी टपकन खाली. सरांच्या कपाळाला आठी पडली. प्रश्न तरी पुरा होऊ द्यायचा होता, असं ते माझ्याजवळ कुजबुजले, देवीबद्दल. बाबांनी डोळे पुसले आणि पहिला पेढा सरांच्या हातावर ठेवला.

गावात आजही म्हणतात, मास्तर खोटं बोललान, पण पोरीचं कल्याण केलान. बाबाही मनातून तेच समजतात, कारण सरांचं नाव निघालं की गालात हसतात. काकूंनी तर मला साफ सांगितलं, अगं, माणसानं तुझ्यासाठी देवीसमोर नेम मोडला, जन्मभर विसरू नकोस. मी हो म्हणते. कुणाला खोडून काढलं नाही.

पण मी त्यांच्याबरोबर देवळाबाहेर आले होते. पेढा खात खात, उड्या मारायच्याच बाकी होत्या माझ्या. पायरीशी सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या आणि भिंतीला सरांची छत्री टेकवलेली होती. उलटी. टोक वर, मूठ खाली जमिनीला. आत जायच्या आधीच त्यांनी वर्दी देऊन ठेवली होती. नेमबिम काही मोडला नव्हता त्यांनी. त्यांनी खरंच विचारलं होतं.

काकूंची सून एक दिवस माहेरी गेली असती तर काकूही वर्गाला आल्या नसत्या. बाकी कोण होतं त्यांना? ती माडी, त्या करवंट्या आणि मी. मला थांबवायची इच्छा मनात घेऊन हा माणूस एसटीत बसून आला, देवीला विचारलं, देवी नाही म्हणाली, आणि मग ते सगळं त्यानं माझ्या गावासमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलं. गप्प राहिले असते तर डावी कळी त्यांच्याच कामाची होती. मी उभी होते तिथंच मला रडू फुटलं, आत डावी कळी पडली तेव्हा न आलेलं सगळं. कुणासाठी रडते हे मला तेव्हा चांगलं माहीत होतं. माझं फार प्रेम होतं हो त्यांच्यावर, अजून आहे.

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग छत्रीकडे. मी पाहिलंय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चपला घातल्या, छत्री उचलली, सावकाश सरळ केली आणि टोक चिऱ्याच्या पायरीवर टेकवलं. टक्क झालं नाही. नुसतं टेकवलं. मग रस्त्याकडे बघत, छत्री जराही न हलवता, मला म्हणाले,

'शेवटची एसटी कितीला गो?'

इतक्या दिवसांत बिनवर्दीचा त्यांचा हा एकच प्रश्न मी ऐकला. मीही कशाची वाट पाहिली नाही. साडेपाचला, म्हटलं, चला, मी सोडायला येते.